दर सहा आठवड्यांनी एक सण



घराबाहेर पडणे थांबले की माणसाच्या हातून सर्वांत आधी निसटतो तो वार. सोमवार आणि गुरुवार सारखेच दिसू लागतात. औषधांच्या आणि जेवणाच्या वेळा एवढेच काय ते दिवसाचे टप्पे उरतात. आपल्यापैकी जे वृद्ध आई-वडिलांची शुश्रूषा करीत आहेत, त्यांना ‘आज कोणता महिना?’ हा प्रश्न दिवसातून किती वेळा ऐकावा लागतो, हे मी सांगायला नको. आज ज्या मंडळींचा परिचय करून द्यायचा आहे, त्यांनी महिना ओळखण्याचे काम दिनदर्शिकेकडून काढून दाराबाहेरच्या झाडाझुडपांकडे सोपवले आहे.

ही मंडळी म्हणजे ब्रिटनमधील आधुनिक पेगन. ख्रिस्तपूर्व युरोपातील निसर्गोपासनेशी आपले नाते सांगणारे हे लोक आहेत. त्यांत विका, ड्रुइड असे निरनिराळे पंथ आहेत. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा नोंदवला. त्यांचा एकच धर्मग्रंथ नाही, एकच धर्मगुरू नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांना एकत्र बांधते ते आठ सणांचे वर्षचक्र. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस, दिवस-रात्र समान असण्याचे दोन दिवस आणि या चौघांच्या मधोमध येणारे आणखी चार. म्हणजे साधारण दर सहा आठवड्यांनी एक सण येतो, आणि आजारी माणसालाही तेवढी वाट पाहणे झेपते.

या चक्राचे महत्त्व कळायचे तर तिथला हिवाळा डोळ्यांसमोर आणला पाहिजे. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये तो आठ तासही भरत नाही. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. मुलाबाळांकडे हिवाळ्यात राहायला गेलेल्या आपल्याकडच्या अनेक ज्येष्ठांनी हा अंधार अनुभवला असेल. हिवाळ्यातील अशा मंदपणाला आणि उदासीनतेला ऋतुजन्य नैराश्य म्हणून वैद्यकीय ओळख मिळाली ती १९८४ मध्ये, नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनामुळे. ती ‘नुसती मनाची खेळी’ नव्हे. सकाळचा प्रखर प्रकाश हा तिच्यावरील मान्य उपचारांपैकी एक आहे. पेगन लोक त्या सर्वांत लहान दिवशी ‘यूल’ साजरा करतात, दिवे लावतात, आणि उद्यापासून उजेड वाढू लागणार हे एकमेकांना सांगतात. दुसऱ्या दिवशी तो वाढतो अवघ्या काही सेकंदांनी. पण वाढतो.

हे सारे हजारो वर्षांपूर्वीचे आहे काय? नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी स्पष्ट दाखवले आहे की यांतील काही सण खरोखर जुने असले, तरी आठही सण एकत्र पाळणारा प्राचीन समाज असल्याचा पुरावा नाही. आजचे चक्र जुळून आले ते १९५०च्या दशकात. त्यामागची दोन प्रमुख नावे म्हणजे जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकल्स. गार्डनर हे मलायातील सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन १९३६ मध्ये मायदेशी परतलेले. त्यांचे सर्वाधिक गाजलेले पुस्तक निघाले तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. निकल्स हे शिक्षक आणि कवी. त्यांनी आपला ड्रुइड संघ १९६४ मध्ये, वयाच्या साठीनंतर स्थापन केला. उतारवयातील दोन गृहस्थांनी जुन्या लोकरीतींचे तुकडे जोडून नवे पंचांग घडवले, हे मला त्याच्या प्राचीनत्वाहून अधिक आकर्षक वाटते.

या पंचांगाची खरी गोडी मात्र झाडांच्या गोष्टींत आहे. ‘एल्डर’ नावाचे एक साधेच झुडूप. इंग्लंड-डेन्मार्ककडील समजुतीप्रमाणे त्यात एक म्हातारी आई राहते आणि तिला विचारल्याशिवाय फांदी तोडायची नसते. आज तुझे लाकूड मला दे, पुढे मी झाड होऊन उभा राहीन तेव्हा माझे तुला देईन, अशा अर्थाची विनवणी करायची असते. दुसरे झाड हॉथॉर्न. त्याची पांढरी फुले घरात आणली की घरात मृत्यू येतो, असे जुनी माणसे म्हणत. या फुलांत ट्रायमिथिलअमाइन नावाचे द्रव्य असते. कुजू लागलेल्या मांसातही तेच तयार होते. ज्या काळी प्रेत काही दिवस घरातच ठेवीत, त्या काळच्या लोकांना हा वास नेमका ओळखीचा वाटला असणार.

याच हॉथॉर्नच्या फुलण्याशी १ मेचा ‘बेल्टेन’ सण जोडलेला आहे. १७५२ मध्ये ब्रिटनने पंचांग बदलले आणि अकरा दिवस गाळले. तेव्हापासून १ मे आला तरी कित्येक ठिकाणी झाड फुललेले नसते. म्हणून काही पेगन तारीख बाजूला ठेवतात आणि हॉथॉर्न फुलेल तेव्हाच बेल्टेन आला असे मानतात. अर्थात त्यासाठी रोज झाडाकडे पाहावे लागते.

फेब्रुवारीच्या आरंभी ‘इम्बोल्क’ येतो, आणि त्याचे फूल म्हणजे स्नोड्रॉप. बर्फातून मान वर काढणारे, खाली झुकलेले हे पांढरे फूल आपल्या वाचकांच्या घरात वेगळ्याच वाटेने पोहोचलेले असू शकते. या फुलाच्या वर्गातील वनस्पतींपासून १९५०च्या दशकात गॅलँटामाइन हे औषध मिळाले, आणि आज ते अल्झायमरच्या सौम्य व मध्यम अवस्थेत दिले जाते. कंद स्वतः विषारी असतो. औषध ते, कंद नव्हे.

इथे थोडे थांबून एक इशारा द्यायला हवा, कारण तो जिवाशी निगडित आहे. जूनमधील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास फुलणारे पिवळे फूल म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. वाईट शक्ती दूर राहाव्यात म्हणून ते पूर्वी दारावर टांगीत. आज त्याच्या गोळ्या ‘मन प्रसन्न ठेवणारी वनौषधी’ म्हणून विकल्या जातात आणि परदेशातून येणाऱ्या मुलांच्या सामानातून आपल्याही घरी येतात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन आणि हृदयासाठीचे डिगॉक्सिन यांचा परिणाम या वनस्पतीमुळे कमी होतो. नैराश्यावरील काही औषधांबरोबर ती घेतल्यास धोकादायक प्रतिक्रिया उद्भवू शकते. घरात अशी बाटली असेल तर ती आजच डॉक्टरांना दाखवावी. आधीपासून चालू असेल तर परस्पर बंदही करू नये, कारण त्यानेही इतर औषधांचे प्रमाण बिघडते. फूल दारावर शोभते, तिथेच असू द्यावे.

आता नुसत्या पाहण्याने काही साधते का, हा प्रश्न. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्यांची तुलना प्रसिद्ध केली. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण खाटेचे तोंड भिंतीकडून खिडकीकडे वळवायला खर्च येत नाही.

नोंदी ठेवण्याबाबत मात्र पेगनांच्याही आधीचा एक माणूस आठवतो. इंग्लंडमधील नॉरफकचे जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. पहिला स्नोड्रॉप कधी उमलला, हॉथॉर्नला पालवी कधी फुटली, कोकिळेचा पहिला स्वर कधी ऐकू आला, अशा एकूण २७ गोष्टी. १७९७ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. घराण्यातील पुढच्या पिढ्यांनी ते काम १९५८ पर्यंत सुरू ठेवले, आणि हवामान कसे बदलत गेले हे समजून घेताना शास्त्रज्ञ आज त्या नोंदींचा आधार घेतात.

आपल्या रुग्णाच्या उशाशीही अशी एक साधी वही असू द्यावी. खिडकीतून दिसणारे एकच झाड निवडावे. पळस असो, बहावा असो किंवा सोसायटीच्या आवारातला आंबा. पहिली कळी, पहिली पानगळ, फांदीवर नव्याने दिसलेला पक्षी, आणि समोर तारीख. हात थरथरत असतील तर त्यांनी सांगावे आणि आपण लिहून घ्यावे. मात्र ‘पाहिले कोणी’ या रकान्यात नाव आजींचे किंवा आजोबांचेच असावे.