विश्लेषण : परिचारिका रुग्णसेवा का सोडतात? खान्देशातील वॉर्डांचे गणित काय सांगते?

रुग्णालयात नर्सची नोकरी लागली की घर सावरले, असे जळगाव-धुळ्याकडच्या अनेक कुटुंबांत मानले जाते. त्यामुळे एखादी सिस्टर दहा-बारा वर्षांच्या नोकरीनंतर ‘आता नाही होत’ म्हणते, तेव्हा घरचेही चक्रावतात. बाहेरून तो तिचा वैयक्तिक निर्णय दिसतो. मात्र त्यामागे रिक्त पदे, पाळ्यांचे वेळापत्रक, कंत्राटी भरती आणि खासगी रुग्णालयांतील तुटपुंजा पगार अशी साखळी आहे. ती समजून घेण्याचा हा प्रयत्न.

बर्नआऊट म्हणजे नेमके काय?

साधा थकवा झोपेने आणि सुट्टीने जातो. बर्नआऊट तसा जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याचा समावेश केला असून ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने उद्भवणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती पूर्ण संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपण काम नीट करत नाही ही भावना. नर्सच्या बाबतीत दुसरे लक्षण रुग्णाला आधी जाणवते. पूर्वी नावाने हाक मारणारी सिस्टर ‘खाट नंबर बारा’ म्हणू लागते. लोक त्याला उर्मटपणा समजतात. प्रत्यक्षात अनेकदा ती पुढच्या घसरणीची पहिली खूण असते.

खान्देशात भार कोठून येतो?

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले आणि तेथील जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. नंदुरबारचे महाविद्यालय २०२० मधले आहे. त्याआधीची अनेक वर्षे सातपुड्याच्या पट्ट्यातील गंभीर रुग्णाला धुळ्याशिवाय मोठे सरकारी ठिकाण नव्हते. आजही साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या सेंधवा, बऱ्हाणपूर भागातून रुग्ण या दोन शहरांकडे येतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे अपघाताचे रुग्ण रात्री-अपरात्री येत राहतात. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा उष्माघाताचे रुग्ण वाढतात. ग्रामीण रुग्णालयात सोय किंवा डॉक्टर नसला की ‘पुढे पाठवा’ हा मार्ग उरतो आणि पुढची शेवटची पायरी म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचा वॉर्ड. खाटा भरल्या म्हणून त्याला रुग्ण नाकारता येत नाही. मग जमिनीवर गाद्या टाकल्या जातात. रुग्ण वाढतात, पण त्या पाळीतल्या परिचारिका तेवढ्याच राहतात.

एका पाळीत किती परिचारिका असतात?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेवर जाणाऱ्यांच्या जागी ३० टक्के राखीव मनुष्यबळ हवे.

हे प्रमाण मंजूर पदांना लावून पाहू. समजा ३० खाटांच्या वॉर्डला दहा परिचारिका मिळाल्या. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. प्रत्येकीला एक साप्ताहिक सुट्टी दिली तर दहा जणींकडून ६० ड्यूट्या मिळतात, म्हणजे एका पाळीत तिघीसुद्धा पुऱ्या नाहीत. आता दहापैकी तीन पदे रिक्त आहेत असे धरा. उरलेल्या सात जणींच्या ४२ ड्यूट्या होतात, म्हणजे पाळीत दोघी. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर गेली किंवा आजारी पडली की काही पाळ्यांत ३० रुग्णांमागे एकच उरते. जमिनीवरच्या गाद्या या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

तिच्याकडे इंजेक्शने, सलाईन, नोंदी, औषधसाठ्याचा हिशेब, डॉक्टरांचा राऊंड, नवीन रुग्ण दाखल करणे आणि मृताची कागदपत्रे हे सगळे असते. कक्षसेवक नसेल तर स्ट्रेचरही. जेवणाची सुट्टी आणि लघवीला जाणे या दोन गोष्टी सर्वात आधी मागे पडतात.

रुग्णावर त्याचा परिणाम होतो का?

होतो, आणि तो मोजला गेला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की तिला बर्नआऊट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. ते आकडे अमेरिकेचे असल्याने जसेच्या तसे खान्देशला लावता येत नाहीत. मात्र नर्सचा थकवा आणि रुग्णाचा जीव एकाच धाग्याने बांधलेले आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

जळगावच्या २०२० मधील घटनेने काय दाखवले?

आपल्या सरकारी रुग्णालयांत शुश्रूषेचा मोठा वाटा नातेवाईक उचलतात. रुग्णाला शौचालयात नेणे, भरवणे, कूस बदलणे, सलाईन संपली की सांगायला धावणे, ही कामे घरचे माणूस करते, म्हणून कमी मनुष्यबळावर वॉर्ड चालतो. करोनाकाळात नातेवाइकांना आत येण्यास बंदी झाली आणि झाकलेली तूट उघडी पडली. जून २०२० मध्ये जळगावच्या कोविड रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी तेथील शौचालयातच सापडला. राज्यभर संताप उसळला आणि अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली.

ती आवश्यकच होती. एका कुटुंबाने आपले माणूस ज्या प्रकारे गमावले, त्याला कोणतेही समर्थन असू शकत नाही. पण नातेवाईक वजा केले तर वॉर्डाला किती परिचारिका आणि कक्षसेवक लागतात, हा प्रश्न निलंबनाने सुटत नाही. करोनानंतर नातेवाईक परत आले आणि तो प्रश्न पुन्हा झाकला गेला.

व्यवस्थेवरचा राग कोणावर निघतो?

समोर जो असतो त्याच्यावर. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अपघातग्रस्ताच्या नातेवाइकांनी एका डॉक्टरला बेदम मारहाण केली. मेंदूचे शल्यविशारद उपलब्ध नसल्याने रुग्णाला दुसरीकडे न्यावे, असे सांगितल्यावरून हा प्रकार घडला. डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि त्यानंतर राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. अशा हिंसेविरोधात राज्यात २०१० पासून कायदा आहे आणि तो परिचारिकांनाही संरक्षण देतो. तरी रात्री दोन वाजता वॉर्डात एकटी असलेल्या सिस्टरला कायद्याच्या कलमापेक्षा दारावरचा सुरक्षारक्षक जास्त उपयोगी असतो. मारहाण क्वचित होते, शिवीगाळ आणि मोबाइलवर चित्रीकरणाची धमकी मात्र नेहमीची झाली आहे.

खासगी रुग्णालयांत परिस्थिती वेगळी आहे का?

तिथे रुग्ण कमी असू शकतात, पण पगार आणि नोकरीची शाश्वतीही कमी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने किमान वेतनाच्या शिफारशी केल्या. २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे. १०० पेक्षा जास्त खाटा असतील तर ते १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे आणि ५० ते १०० खाटा असतील तर २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे. ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला किमान २० हजार रुपये मिळावेत.

जिल्ह्याच्या ठिकाणची बहुतेक खासगी रुग्णालये शेवटच्या गटात येतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ठरलेले २० हजार हीच आजही मोजपट्टी आहे. आरोग्य हा राज्याचा विषय असल्याने या शिफारशी बंधनकारक करण्याचे काम राज्यांवर सोपवले गेले आणि तिथेच ते रेंगाळले.

मग बाहेर कोण पडते?

तीन गट दिसतात. खासगीतली तरुण परिचारिका लग्न, बाळंतपण किंवा बदललेल्या गावाचे निमित्त होऊन गुपचूप थांबते. तिची नोंद कुठल्याही रिक्त पदात होत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिका नूतनीकरणाच्या अनिश्चिततेला कंटाळते. दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, पण अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये या कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले. तिसरा गट कायम सरकारी परिचारिकांचा. त्यांना नोकरी सोडणे परवडत नाही. त्या हजेरीपटावर राहतात, पण मनाने कामातून निघून जातात. हा गट कोणत्याच आकडेवारीत सापडत नाही आणि रुग्णाला सर्वाधिक महाग पडतो.

चौथा रस्ता परदेशाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ५८ लाख परिचारिकांची कमतरता आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. ज्यांना तिकडे जायचे त्यांनी जरूर जावे. पण इथल्या रिक्त जागा कशा भरणार, याचे उत्तर त्या करारात नाही.

परिचारिकांच्या संपातून काय हाती लागले?

राज्य परिचारिका संघटनेने जून २०२१, मे २०२२ आणि जुलै २०२५ मध्ये आंदोलने केली. पदभरती, कंत्राटीकरणाला विरोध आणि वेतनत्रुटी हे विषय पुन्हा पुन्हा आले. राज्यात अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, तर केंद्राच्या रुग्णालयात ४४,९०० पासून. प्रत्येक वेळी आश्वासनानंतर संप मागे घेतला गेला. मागण्यांची यादी फारशी बदलत नाही, यावरून आश्वासनांचे काय झाले याचा अंदाज येतो.

सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी काय तपासावे?

कायम सरकारी सेवेत असाल तर राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत मोठा फरक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार राजीनामा दिल्यास आधीची सेवा गमावली जाते. २० वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू असल्याने खात्यातील रक्कम कधी व कशी मिळेल, हे आस्थापना शाखेकडून लेखी घ्यावे. त्याआधी अर्जित रजा, असाधारण रजा, तसेच १८० दिवसांची बालसंगोपन रजा शिल्लक आहे का, हे पाहावे. रागाच्या भरात रात्रपाळी संपवून दिलेला राजीनामा आणि तीन महिन्यांच्या रजेनंतरचा निर्णय एकच असेल असे नाही.

खासगीत असाल तर मूळ प्रमाणपत्रे, अनुभवपत्र आणि भविष्य निर्वाह निधीची कागदपत्रे आधी ताब्यात असावीत. वॉर्ड सोडला तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेवावी. नर्सिंगचे अध्यापन, समुदाय आरोग्य अधिकारी, संसर्ग नियंत्रण, विमा दाव्यांची तपासणी ही कामे त्याच पात्रतेच्या आसपासची आहेत. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ हेल्पलाइनवर मोफत बोलता येते.

उपाय काय?

योगवर्ग आणि ताणमुक्ती शिबिरे वाईट नाहीत. मात्र पाळीत एकटी असलेली परिचारिका त्या शिबिराला जाणार कधी? अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून प्रत्येक वॉर्डासाठी परिचारिका-रुग्ण प्रमाण बंधनकारक केले. आपल्याकडे निकष आहेत, पण ते मोडल्याबद्दल कोणी उत्तरदायी नाही.

एक छोटी सुरुवात जळगाव-धुळ्यातूनही होऊ शकते. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर त्या पाळीतील रुग्ण किती आणि परिचारिका किती, एवढेच फलकावर लिहावे. खर्च खडूचा. आमदार, अभ्यागत समिती आणि नातेवाईक यांना तो आकडा रोज दिसला तर ‘सिस्टर लक्ष देत नाहीत’ या तक्रारीचा पत्ता बदलेल आणि ती मंजूर पदे न भरणाऱ्यांकडे जाईल. एक परिचारिका सोडून गेली की तिचे रुग्ण उरलेल्यांत वाटले जातात आणि पुढचा राजीनामा जवळ येतो. हे चक्र थांबवायचे तर सोडून गेलेलीची समजूत घालण्यापेक्षा आज वॉर्डात उभ्या असलेलीचा भार हलका करणे तातडीचे आहे.