कोनांचा कोश आणि फडाची उंची

मराठी चित्रपटसमीक्षेत एक सोयीचे गणित रूढ झाले आहे. कॅमेरा खाली ठेवून पात्राकडे वर पाहिले, की ते पात्र सत्ताधारी. वरून खाली पाहिले, की ते हतबल. चौकट कलली, की मन ढळले. पदव्युत्तर वर्गांतील टिपणांत हे समीकरण व्याकरणाच्या नियमासारखे उतरवले जाते आणि मग प्रबंधिकांतून त्याचे उपयोजन होत राहते. या व्यवहाराला चिन्हमीमांसेचे भारदस्त नाव मिळते. वस्तुतः हा शब्दकोश पुढ्यात ठेवून कविता वाचण्याचा प्रकार आहे. चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील भेदांतून सिद्ध होते, हा सोस्यूरचा मूलभूत सिद्धान्त. येथे मात्र सोस्यूरचे नाव घेऊनच एकेका कोनाला एकेक अर्थ चिकटवला जातो.

हे गणित कोठे कोसळते ते पाहण्यासाठी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव पुरेसे आहे. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात यात्रांच्या हंगामापूर्वी तमाशाफडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन सुपाऱ्या ठरवतात. कनातीतला प्रेक्षक जमिनीवर बसतो, नर्तकी मंचावर असते. रात्रभर तो तिच्याकडे खालूनच पाहतो. खासगी बैठकीत तर मंचही नसतो. लोडाला टेकलेला रसिक आणि समोर उभी राहून नाचणारी स्त्री, एवढाच मामला. त्याची नजर वर जाते. सत्ता जात नाही. फर्माईश, दौलतजादा आणि मनात येईल तेव्हा उठून जाण्याची मुभा बसलेल्याच्याच हाती राहते. कॅमेऱ्याने हीच जागा घेतली, तर कोशानुसार ती चौकट स्त्रीच्या सामर्थ्याची ठरेल! ‘सांगत्ये ऐका’ (1959) आणि ‘पिंजरा’ (1972) यांच्या परंपरेतील तमाशापट असे वाचणे म्हणजे ग्राहकाच्या बैठकीला भक्ताचे आसन समजणे होय. लॉरा मल्व्हीने 1975 साली पाहणाऱ्याच्या नजरेचा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा तिला कोनाचे अंश मोजायचे नव्हते. कोण पाहतो आणि कशाच्या बळावर, हे तिला विचारायचे होते.

दिग्दर्शक हे संकेत जाणूनबुजून वापरतात, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. नायकाचा प्रवेश खालून टिपणारे चित्रपट कमी नाहीत. परंतु संकेत वापरला जातो म्हणून तो नियम होत नाही. ‘सिटिझन केन’मध्ये (1941) निवडणूक हरलेला केन अत्यंत खालून टिपलेला आहे. छताखाली दबलेला तो अवाढव्य देह पराभूताचा आहे. ओझूच्या चित्रपटांत कॅमेरा जमिनीलगत असतो, पण त्यामुळे तेथील म्हातारे आईबाप सत्ताधीश होत नाहीत. कॅमेऱ्याची उंची आणि त्याचा कोन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेही भान अनेक टिपणांत नसते.

अरुण खोपकरांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (1985) मराठीत असताना ही स्थिती असावी, हे विशेष. प्रतिमा संपूर्ण कृतीच्या संदर्भात वाचण्याचा धडा तेथे उपलब्ध आहे. पण कोश पाठ करणे अधिक सोपे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील (2013) दोन जागा या कोशाला सर्वस्वी अगम्य आहेत. मारलेले डुक्कर खांद्यावरून वाहून नेले जात असता मागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर यांची चित्रे दिसतात. तेथे कॅमेऱ्याची उंची गौण आहे; भिंत आणि डुक्कर यांचे एकाच चौकटीत असणे हाच आशय. आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, पडदा काळा होतो. डुकराची शिकार तमाशासारखी पाहत हसणाऱ्या गावकऱ्यांची जागा त्या क्षणी प्रेक्षकाला मिळालेली असते. ती जागा उंच की सखल, हे विचारणारा समीक्षक दगड चुकवतो आहे.