खरं बोलणाऱ्यालाच शिक्षा

१९६६ च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलपटूंची पहिल्यांदाच उत्तेजक चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी बोर्डोजवळ खेळाडू निषेध म्हणून सायकलींवरून उतरले आणि चालू लागले. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९६७ रोजी, मों व्हाँतूच्या चढावर ब्रिटनचा टॉम सिम्पसन कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामिन सापडलं.

तरीही ‘सगळेच घेतात, मग आपणच का मागे राहायचं?’ ही समजूत पुढे कित्येक दशकं टिकली. तिला बळ दिलं ते तोंड न उघडण्याच्या अलिखित नियमानं. हा नियम मोडणाऱ्याला शिक्षाही खेळाडूच देत.

१९९८ मध्ये फेस्तिना संघाची उत्तेजकांनी भरलेली गाडी फ्रान्सच्या सीमेवर पकडली गेली. चौकशीत सहकाऱ्यांनीच पोलिसांना सांगितलं, की क्रिस्तोफ बासों काहीही घेत नाही. अशा खेळाडूला खरं तर डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण १९९९ च्या टूरमध्ये तो वृत्तपत्रात डोपिंगविषयी लिहू लागला, तसे बाकीचे त्याच्याशी बोलेनासे झाले. आल्प द्युएझच्या टप्प्यात लान्स आर्मस्ट्राँगनं त्याला गाठून घरी जायला सुनावलं. थोड्याच दिवसांत बासोंनं शर्यत सोडली आणि दोन वर्षांनी व्यावसायिक सायकलिंगही.

इटलीच्या फिलिपो सिमेओनीनं डोपिंगच्या खटल्यात डॉ. मिकेले फेरारीविरुद्ध साक्ष दिली होती. २००४ च्या टूरमध्ये तो आघाडीच्या गटाकडे निघाला, तेव्हा खुद्द आर्मस्ट्राँगनं त्याचा पाठलाग केला, त्याला मागे यायला भाग पाडलं आणि ओठांवर चेन ओढल्याची खूण केली.

अखेर २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगचे अकरा माजी सहकारी त्याच्या डोपिंगविषयी बोलले आणि त्याची टूरची सातही विजेतेपदं गेली. कबुली देणाऱ्यांपैकी जे अजून खेळत होते, त्यांना सहा महिन्यांची बंदी झाली. ही सवलत योग्यच होती; तिच्याशिवाय सत्य बाहेर आलं नसतं. पण काहीही न घेता बोललेल्या बासोंच्या पदरात काय पडलं?

२००८ पासून जैविक पासपोर्टमुळे खेळाडूच्या रक्तातले संशयास्पद बदल टिपता येतात. मात्र औषध कोणी पुरवलं, कोणत्या डॉक्टरनं दिलं, संघात कोणाचा दबाव होता, हे रक्त सांगत नाही. ते खेळाडूच सांगू शकतो, आणि एक-दोन वर्षांच्या करारावर खेळणारा तरुण पोटाला चिमटा बसेल या भीतीनं गप्प राहतो. बोलल्यामुळे कोणाचाही करार जाणार नाही, याची लेखी हमी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघानं द्यावी आणि ती मोडणाऱ्या संघाचा परवाना काढून घ्यावा.