तिकीट लेखकाच्या नावावर

"नवीन नाटक काय बघू गं?" असं कुणी विचारलं आणि मी एखादं नाव सुचवलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कोण आहे त्यात?" म्हणजे नट कोण. लिहिलंय कुणी, हे विचारणारे फार थोडे. न विचारणाऱ्यांना तरी काय बोलणार? पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडा. वर नटनट्यांचे फोटो, त्याखाली 'हाऊसफुल्ल'ची पट्टी, नाट्यगृह, वार, वेळ. आणि नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, सूत्रधार यांच्या दाटीत कुठेतरी लेखक. चष्मा पुसून शोधावा लागतो. 'कानेटकरांचं नवीन नाटक आलंय' एवढ्या बातमीवर घरातली मोठी माणसं शिवाजी मंदिरचं तिकीट काढायला निघत, हे आता सांगितलं तर लोकांना अतिशयोक्ती वाटते.

म्हणून मी सध्या नाटकांपेक्षा नावं सुचवते. एकदा नाव लक्षात राहिलं की त्या लेखकाचं पुढचं नाटक आपलं आपल्यालाच सापडतं.

इरावती कर्णिक यांचंच बघा. 2023 मध्ये 'जर तरची गोष्ट' आलं, तेव्हा बहुतेक लोक प्रिया बापट आणि उमेश कामत या जोडीसाठी गेले. जावंच. वेगळं झालेलं जोडपं पुन्हा समोरासमोर येतं, यात तसं काही नवल नाही. या विषयावर आपल्याकडे नाटकं पडून आहेत. पण ती माणसं आजच्या शहरी घरात बोलतात तशी बोलतात, आणि ते श्रेय लिहिणारीचं. याच कर्णिकांनी त्याआधी दहाएक वर्षं 'गाशा' लिहिलं होतं: काश्मीर, दोन लहानपणचे मित्र, एक पंडित, एक मुसलमान, आणि रंगमंचावर फक्त दोन नट. बंगळुरूच्या इंडियन एन्सेम्बलने अभिषेक मजुमदार यांच्या दिग्दर्शनात ते केलं. 'जर तर'ला हसून आलेल्या किती प्रेक्षकांना 'गाशा' ठाऊक असेल? मनस्विनी लता रवींद्र यांचंही तसंच. त्यांचं 'सिगारेट्स' प्रायोगिकवाल्यांनी पाहिलं, 2016 चं 'अमर फोटो स्टुडिओ' सगळ्यांनी. फोटो काढायला गेलेली माणसं भलत्याच काळात जाऊन पडतात, अशी ती गोष्ट. मालिकेतल्या आवडत्या चेहऱ्यांसाठी आलेली कॉलेजची पोरं लेखिकेचं नाव न वाचताच घरी गेली. प्रायोगिक आणि व्यावसायिक अशी भिंत आपण अजून धरून बसलोय. लिहिणाऱ्यांनी ती केव्हाच ओलांडली आहे.

आता 'देवबाभळी'. याबद्दल मला थोडं जास्त बोलू द्या. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांनी आधी एकांकिका लिहिली, तिचं दोन अंकी नाटक झालं आणि 2017 मध्ये भद्रकाली या नाट्यनिर्मिती संस्थेने ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. स्टार नाही, विनोद पेरलेला नाही, पात्रं दोन, दोन्ही बायका. तुकारामांची गरोदर आवली नवऱ्याला शोधत डोंगरावर जाते, पायात बाभळीचा काटा मोडतो, तो विठ्ठल काढतो. आणि तिच्या शुश्रूषेला रुक्मिणी स्वतः लखूबाई होऊन तिच्या घरी येते. एकीचा नवरा देवामागे गेलेला, दुसरीचा भक्तांमागे. चुलीपाशी बसून या दोघी काय बोलतील, हा प्रश्न इतकी वर्षं कुणालाच का पडला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आवली विठ्ठलाला शिव्या घालते आणि त्या शिव्या रुक्मिणीला ऐकाव्या लागतात. निम्मं नाटक या एका गमतीवर उभं आहे, आणि ती गंमत हळूहळू दुखायला लागते. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांनी गायलेली गाणी प्रसंगातूनच उगवतात, मध्ये थांबून म्हटलेली वाटत नाहीत. आनंद ओक यांच्या संगीताबद्दल पुष्कळ लिहून आलंय. मी म्हणते, संहिताही मिळवून वाचा. 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला, तो गाण्यांना नव्हे, लिहिण्याला.

'38 कृष्ण व्हिला'मध्ये तर भांडणच लेखकाच्या नावावरून आहे. एका मोठ्या कादंबरीकारावर एक बाई येऊन आरोप करते की हे लेखन तुमचं नाहीच. पुढचं सांगणार नाही. श्वेता पेंडसे यांनी ते लिहिलं, आणि गिरीश ओकांसमोर त्या स्वतः उभ्याही राहिल्या.

क्षितिज पटवर्धन हे नाव तर लिहूनच ठेवा. 'दोन स्पेशल'पासून मी त्यांच्या मागावर आहे. 2025 मध्ये आलेल्या 'भूमिका'त एका नटाला डॉ. आंबेडकरांची भूमिका मिळते आणि त्याच्या सुखवस्तू घरात वादाला तोंड फुटतं. आरक्षणावरचं जे बोलणं एरवी दार लावून होतं, ते इथे भर रंगमंचावर होतं. काही ठिकाणी ते वादविवाद स्पर्धेच्या अंगाने जातं, हे खरं. तरी बघा. याच लेखकाचं 'आज्जीबाई जोरात' नातवंडांना दाखवा. मोबाईलमध्ये बुडालेल्या मुलांसाठी निर्मिती सावंतांची आज्जीबाई पुरेशी आहे.

घरात विसरभोळं होत चाललेलं वडीलधारं माणूस असेल, तर संदेश कुलकर्णी यांचं 'असेन मी नसेन मी' जरा मन घट्ट करून बघा. एकट्याने जाऊ नका.

आणि मुंबई-पुण्याबाहेरचं एक नाव: राजकुमार तांगडे, जालन्याचे. 2012 चं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' त्यांचं. महाराजांची पगडी कुणाच्या डोक्यात बसते ते बघत यम पृथ्वीवर हिंडतो, आणि ती भलभलत्यांना सैल किंवा घट्ट होते. संकल्पना संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. काम करणारी बरीच मंडळी जालन्याकडची शेतकरी. त्या बोलीतला एक शब्दही शहरी कानासाठी पातळ केलेला नव्हता. तांगडे यांचं नाव जाहिरातीत दिसलं, तर नट कोण हे न विचारता मी तिकीट काढते.

फक्त 'जरा चालू दे, मग बघू' म्हणू नका. नवं नाटक पहिल्या काही प्रयोगांतच तगतं किंवा बसतं. बुकिंग थंड दिसलं की निर्माता पुढच्या तारखा सोडून देतो, आणि मग आपण 'अरे, ते बघायचं राहिलंच' म्हणत बसतो. पहिल्या प्रयोगांना नट थोडे अडखळतील, दुसरा अंक लांबेल. बाल्कनीचं तिकीट काढा, हवं तर मध्यंतरात वडा खात लेखकाला नावं ठेवा. नाव मात्र माहीत असू द्या.