उरलेले पिवळे दिवे

वीजबचतीचे धडे नाशिककरांना नव्याने देण्याची गरज नाही. भारनियमनाने अवघे राज्य हैराण होते, त्या २००५ च्या सुमारास महावितरणने सीएफएल दिव्यांचा पथदर्शी प्रकल्प राबवला, तो याच नाशिकमध्ये. स्वस्तातला पिवळा बल्ब सोडून महागडा दिवा कोण घेणार, ही तेव्हाची अडचण होती. तोड निघाली ती बिलातच: दिवा आज न्या, पैसे वीजबिलातून हप्त्याने फेडा. पुढे २०१५ मध्ये केंद्राची ‘उजाला’ योजना आली. ईईएसएल या सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली आणि २०१४ च्या आरंभी ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा अडीच वर्षांत चाळिशीच्या आत आला. योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले.

तरीही पिवळा बल्ब हद्दपार झालेला नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे जिने, न्हाणीघरे, सातपूर-अंबडकडच्या भाड्याच्या खोल्या ही त्याची उरलेली ठाणी. भाड्याच्या खोलीत दिवा बसवतो घरमालक आणि बिल भरतो भाडेकरू. मालकाला फिकीर नाही आणि आज ना उद्या खोली सोडणाऱ्याला खर्चाची हौस नाही. जिन्यातला दिवा तर सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही.

‘एका बल्बने असे काय होणार?’ म्हणणाऱ्यांनी हिशेब मांडावा. साठ वॅटच्या बल्बचे काम नऊ वॅटचा एलईडी करतो. रोज पाच तास जळणारे असे तीन बल्ब बदलले, तर महिन्याला सुमारे २३ युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपुढचा टप्पा जवळपास दुप्पट महाग आहे. एकशेवीस युनिटांच्या घरात वाचलेले बहुतेक युनिट नेमके या महाग टप्प्यातले असतात. शिवाय घराघरांत दिवे लागतात ती वेळ संध्याकाळच्या वाढत्या मागणीची. ती मागणी भागवायला एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळावा लागतो. तेव्हा ही बचत एकट्या ग्राहकाच्या खिशापुरती नाही.

मात्र स्वस्ताईच्या नादात फसगतही होते. हातगाडीवरचा बिननावाचा दिवा चार महिन्यांत मिणमिणू लागला की लोक एलईडीलाच नावे ठेवतात. दिव्यावर वीजबचतीचे तारांकन आहे का, किती वॅटला किती ल्युमेन उजेड मिळतो आणि हमी किती, हे पाहूनच तो घ्यावा. निकामी सीएफएलमध्ये पारा असतो. त्या नळ्या घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या द्याव्यात आणि महापालिकेने त्या वेगळ्या स्वीकारण्याची सोय प्रत्येक विभागात करावी.

उरलेले पिवळे बल्ब बदलण्यासाठी नवी योजना शोधायला नको. ‘ग्राम उजाला’ योजनेत नागपूरकडच्या खेड्यांत जुना बल्ब देऊन दहा रुपयांत एलईडी मिळाला. तशी अदलाबदल आणि बिलातला जुना हप्ता एकत्र करून महावितरणने ही सोय झोपडपट्ट्या, वाडे आणि भाड्याच्या खोल्यांपर्यंत न्यावी. घरमालकांनी खोली देताना आणि सोसायट्यांनी जिन्यात एलईडीच लावावा. ज्या शहरात ही वाट इतक्या आधी चाचपली गेली, तिथे शेवटचा पिवळा बल्ब उतरवायला आणखी वीस वर्षे लागू नयेत.