संगणकाचा पडदा घेताना डोळे उघडे ठेवा

घरात संगणक घेणे ही आता चैन राहिलेली नाही. बी.कॉम.च्या मुलीला टॅलीचा सराव हवा असतो, दहावीच्या मुलाला अभ्यासाच्या चित्रफिती पाहायच्या असतात, स्पर्धा परीक्षेचे अर्जही संगणकावरच भरावे लागतात. मोबाईलच्या चार बोटांच्या काचेवर हे सगळे करून मुलांचे डोळे शिणतात. म्हणून अनेक कुटुंबे जुना सीपीयू मिळवतात आणि त्याला नवीन मॉनिटर, म्हणजे पडदा, घेतात. हा पैसा बोनसचा असतो, भिशीचा असतो, कधी बचत गटाच्या कर्जाचा असतो. अशा पैशातून आणलेला पडदा सदोष निघाला तर केवळ काच बिघडत नाही, महिन्याचा हिशेब बिघडतो.

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेसाठी कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून वर्गणी जमा केली आणि बावीस इंची पडदा आणला. आठव्या दिवशी मध्यभागी वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उमटली. उजव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपकाही होता. दुकानदाराने बिलावरील छापील ओळ दाखवली, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. कंपनीच्या सेवा केंद्रातील माणूस म्हणाला, ‘दोन-चार ठिपके चालतात.’ पोरे हिरमुसून परत आली. ‘लोकांचे पैसे पाण्यात गेले, आता त्यांना तोंड कसे दाखवायचे?’ असे एकजण म्हणाला. कागद पाहिल्यावर मला दिसले, की दोघांचेही बोलणे अर्धवट होते. ते कसे, हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पडद्याची रचना समजून घ्या. आजच्या चपट्या एलसीडी पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. मागे एलईडीचे दिवे असतात आणि पुढे बारीक ठिपक्यांची जाळी असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा व निळा असे तीन भाग, म्हणजे ६२ लाखांहून अधिक भाग झाले. त्यातील एखादा कायम पेटलेला राहतो, एखादा कायम विझलेला. एवढ्या मोठ्या संख्येत एकही दोष नसावा ही हमी सर्वच कंपन्या देत नाहीत.

यासाठी २००१ साली आयएसओ १३४०६-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. पुढे त्याची जागा आयएसओ ९२४१ या मालिकेने घेतली. जुन्या मानकातील दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले आणि पाच अर्धवट बिघडलेले ठिपके चालवून घेतले जात. फुल एचडीच्या हिशेबाने पेटलेले चार आणि विझलेले चार झाले. सेवा केंद्रातील माणूस ‘चालतात’ म्हणतो ते अशा नियमांच्या आधाराने. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो. म्हणून किती ठिपक्यांवर पडदा बदलून मिळेल हे खरेदीआधीच विचारा आणि हमीपत्रात वाचा. परंतु रेघ, लुकलुक, डाग, अर्धा काळा पडलेला पडदा या गोष्टी ठिपक्यांच्या नियमात बसत नाहीत. तो सरळसरळ दोष आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा आपल्या तालुक्याच्या गावात घ्या, पडदा दुकानातच चालू करून दाखवा असे म्हणायला लाजू नका. पैसे आपण मोजतो. साधी तपासणी अशी :

१) पूर्ण पडदा आधी पांढरा, मग काळा, लाल, हिरवा आणि निळा करून पाहा. ही चित्रे मोबाईलमध्ये किंवा पेनड्राईव्हवर आधीच घेऊन जा. पांढऱ्यावर विझलेला ठिपका दिसतो, काळ्यावर पेटलेला.

२) काळ्या रंगावर कडेने व कोपऱ्यातून मागचा उजेड फार झिरपतो का, ते पाहा. घरी आणल्यावर रात्री दिवा बंद करून हे पुन्हा पाहावे. किंचित उजेड बहुतेक पडद्यांत असतो, पण पांढरे पट्टे दिसणे बरे नव्हे.

३) बाजूने उभे राहून पाहा. टीएन जातीच्या पडद्यावर बाजूने रंग उलटेपालटे दिसतात. एका पडद्यापुढे तीन मुले बसणार असतील तर आयपीएस जातीचा घ्यावा.

४) रेघ किंवा लुकलुक दिसली तर केबल बदला, दुसऱ्या संगणकाला जोडून पाहा. त्यानंतर पडद्याचे स्वतःचे बटण दाबून त्याची यादी उघडा. ती यादी संगणकाकडून येत नाही, पडदाच ती तयार करतो. तिच्यावरूनही रेघ जात असेल तर दोष पडद्याचाच समजावा.

५) अक्षरे पुसट दिसली की लगेच दोष म्हणू नका. संगणकात १९२० बाय १०८० हे माप निवडले आहे का, ते आधी पाहा.

एक ध्यानात ठेवा. अडकलेला ठिपका बोटाने दाबून सुटतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. तसे करू नका. दाबाने काच आतून दुखावते आणि ‘तुम्हीच मोडला’ म्हणून हमी नाकारली जाते. पुसायलाही मऊ कोरडे फडके वापरा, खिडकीच्या काचेचे औषध नको.

आता कायद्याकडे वळू. १९८६ च्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. तेव्हा ‘माल परत घेतला जाणार नाही’ ही छापील ओळ सदोष मालाला ढाल म्हणून वापरता येत नाही. ऑनलाईन विक्रेत्यालाही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घेण्यास नकार देता येत नाही. मात्र खोके उघडतानाचे चित्रण मोबाईलवर करून ठेवावे.

तोंडी भांडण करू नका, कागद करा. कारकुनीत इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते, की पोच नसलेले बोलणे हवेत जाते. अर्जात बिल क्रमांक, तारीख, पडद्याचा सिरीयल नंबर, दोष कधी दिसला आणि आपली मागणी काय, एवढे पाच मुद्दे लिहा. सोबत फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने किंवा ई-मेलने पाठवा. बिल ज्याच्या नावावर त्यानेच अर्ज करावा, मंडळाची वस्तू असेल तर बिल मंडळाच्या नावे घ्यावे.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल होते. तारखा लांबतात हे खरे, म्हणून पहिल्या पायरीवरच कागद पक्का हवा.

अभ्यासिकेच्या पोरांनी नवव्या दिवशी असाच अर्ज दिला. दुकानदाराने आधी दुरुस्तीची भाषा केली. १९१५ वर तक्रार नोंदवल्यानंतर पंधरवड्यात नवीन पडदा आला. वर्गणीच्या वहीत त्याची नोंद करून बिलाची प्रत भिंतीवर लावण्यात आली.

तेव्हा जास्तीचे शे-दोनशे वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊ नका. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्या आणि हमीपत्रासह जपून ठेवा. घरात अर्ज लिहिणारे कोणी नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलामुलींनी तो लिहून द्यावा. ज्याला लिहिता येते त्याने न येणाऱ्याचा एक कागद लिहिला, तर एका कुटुंबाचे महिन्याचे पैसे वाचतात.