धाराशिवच्या बायकांचं देणं

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



आमच्या भागात बाई या दुखण्याचं नाव घेत नाही. "अंगावरून जातंय" एवढंच म्हणते, तेही दुसऱ्या बाईला, खुरपताना, मान वर न करता. माझ्या भूम तालुक्यातल्या आत्याची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. तिला पुन्हा कपडा घ्यावा लागला, तेव्हा ते माझ्या आईला सांगायला तिनं पाच महिने घेतले. तालुक्याच्या एका दवाखान्यात "पिशवीला सूज आहे" म्हणून गोळ्या मिळाल्या. त्या संपल्या की पुन्हा त्याच गोळ्या. टेबलावर झोपवून, बॅटरीचा उजेड पाडून कुणी आत पाहिलंच नाही. बार्शीला पोचली तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. किरणांचे शेक दिले. शेकाच्या दिवसांत ती एसटीत उशी घेऊन बसायची, कारण खड्डा आला की कळ डोक्यात जायची. उशीचा अभ्रा लाल होता. डाग दिसू नये म्हणून तिनंच तो निवडला होता.

आत्या गेली, त्याला बरीच वर्षं झाली. हे पत्र तिच्या तक्रारीसाठी नाही. ती ज्या जिल्ह्यात राहिली त्या जिल्ह्यानं जगाला काय दिलं आणि त्याला परत काय मिळालं, हे विचारायला ते लिहिते आहे.

कागदोपत्री आमचा जिल्हा आता धाराशिव आहे, पण जुन्या नावामुळे कॅन्सरच्या डॉक्टरांच्या तोंडी तो कायमचा 'उस्मानाबाद ट्रायल' होऊन बसला आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून 1999 मध्ये इथे या कॅन्सरच्या तपासणीचा एक अभ्यास सुरू केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही चाचणी झाली, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाशी हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचा अंश आहे का ते पाहिलं. दुसऱ्या भागात पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. तिसऱ्या भागात व्हीआयए: पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. हे ॲसिड म्हणजे चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरचाच प्रकार. चौथ्या भागातल्या बायकांना माहिती दिली, तपासणी हवी असेल तर कुठे मिळेल ते सांगितलं आणि बाकी जसं चाललं होतं तसं चालू दिलं.

निकाल 2009 च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या 31,488 बायकांपैकी 64 जणी या कॅन्सरनं गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या 34,126 जणींपैकी 34. पॅपच्या भागात 54 आणि व्हीआयएच्या भागात 56 मृत्यू झाले. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली होती, त्यांच्यातली एकही बाई त्यानंतरच्या आठ वर्षांत या कॅन्सरनं दगावली नाही. पुढे जगभर एचपीव्ही चाचणीकडे वळण्याचा जो सल्ला दिला गेला, त्याच्या मुळाशी असलेल्या भक्कम पुराव्यांत भूम, परांडा, कळंब, तुळजापूरकडच्या बायका आहेत. त्यांतल्या बहुतेकींना हे ठाऊकही नाही.

त्या चौथ्या गटावरून पुढे मोठा वाद झाला. चाचणी उपयोगी पडते हे माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असं परदेशातल्याही डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा या भागात तपासणी मुळात कुणाचीच होत नव्हती, असं संशोधकांचं उत्तर होतं. ते खरंही होतं, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट होती. वादात शिरण्याइतका माझा अधिकार नाही. एवढंच कळतं, की 64 मृत्यू मोजून जे सिद्ध केलं ते निदान वापरायला तरी हवं होतं.

आपल्या खात्याची तपासणी कागदावर आहे, हे मान्य. केंद्राच्या 2016 च्या आराखड्यात 30 ते 65 वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी व्हीआयए करा असं आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं का, पाळी गेल्यावर जातं का, संबंधानंतर जातं का, असे प्रश्न त्यात आहेत. पण हे प्रश्न ओट्यावर, सासू आणि दीर ऐकत असताना विचारले जातात. बाई "नाही" म्हणते, आशाताई टिक करतात आणि पुढच्या घरी जातात. त्यांचा दोष नाही. त्यांच्या फॉर्मवर मधुमेह आहे, बीपी आहे, टीबी आहे, आणि मानधन केवढं ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास 80 हजार मरतात.

व्हीआयएला मी नावं ठेवत नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूनं शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तमिळनाडूत दिंडिगुलला एका फेरीतही फायदा दिसला. उस्मानाबादेत मात्र तिचा म्हणावा असा परिणाम झाला नाही. सगळं बघणाऱ्याच्या डोळ्यावर, त्याच्या सरावावर आणि पुन्हा पुन्हा बघण्यावर आहे. पाळी गेल्यावर तर बघायचा तो नेमका भाग आत सरकतो, दिसतच नाही. आत्याच्या वयाच्या बाईला या चाचणीचा भरवसा नाही. वर्षातून चार शिबिरं घेणारी, तीन वर्षांत बदली होणारी सिस्टर हा सराव कुठून आणणार? एचपीव्ही चाचणीला डोळ्याचा सराव लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये तीच पहिली चाचणी म्हणून सांगितली, आणि नमुना बाईनं स्वतः घेतला तरी चालेल असंही सांगितलं. छोटा ब्रश आत घालायचा, फिरवायचा, नळीत टाकायचा. न्हाणीघरात, आतून कडी लावून. ज्या बाईनं मरणाला सामोरं जाताना लाल अभ्रा निवडला, तिनं हे नक्की केलं असतं.

मशिनं नाहीत, असं सांगू नका. क्षयरोगासाठी गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट मशिन कितीतरी सरकारी दवाखान्यांत बसलेलं आहे, कोविडमध्ये ते आपणच वापरलं. त्याच मशिनवर चालणारी एचपीव्ही चाचणी आणि पुण्याच्या मायलॅबची चाचणी, या दोन्ही देशी चाचण्या दिल्लीच्या एम्ससह ज्या संस्थांनी पारखून घेतल्या, त्यांत मुंबईतल्या परळची प्रजनन आरोग्य संशोधन संस्थाही आहे. 2025 मध्ये त्याची घोषणाही झाली. म्हणजे चाचणी बनवणारे आपल्याकडचे, पारखणारे आपल्याकडचे. ती ज्यांच्या जिवावर सिद्ध झाली त्या बायकाही आपल्याच.

या विषाणूवरच्या लसीबद्दल मुद्दाम लिहीत नाही. ती हवीच. एका डोसनं भागतं हे दाखवणाऱ्या अभ्यासातही बार्शी होतीच. 2010 मध्ये सरकारी आदेशानं डोस मधेच थांबले, काही मुलींना एकच मिळाला, आणि त्या अपघातातूनच एका डोसचा पुरावा हाती आला. पण लस शाळेतल्या मुलीसाठी. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या तिच्या आईला लसीच्या फ्लेक्सवरच्या फोटोखेरीज काही मिळत नाही.

आणि तपासणी नसली की काय होतं, ते शेजारच्या बीडमध्ये दिसलं. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडे आले: 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली. कारणं अनेक होती. तोडणीला खाडा नको हेही होतं. पण "पांढरं जातंय ना, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" हे वाक्यही त्यात होतं. ऐन तिशीतल्या बायकांनी कर्ज काढून ऑपरेशनं केली. निगेटिव्ह आलेल्या एका चाचणीचा कागद त्यांच्या हातात असता, तर डॉक्टरपुढे बोलायला तोंड असतं.

मागणं फार नाही. बाईच्या आयुष्यात दोनदा एचपीव्ही चाचणी, 35 च्या आत आणि 45 च्या आत. सुरुवात धाराशिवपासून, त्यातही चौथ्या गटाच्या गावांपासून. गावांच्या याद्या बार्शीत असतीलच. पॉझिटिव्ह आलेलीला त्याच तालुक्यात उपचार. चट्टा जाळणारं बॅटरीवरचं मशिन हातात धरता येतं आणि काम मिनिटभराचं असतं. "पुढच्या आठवड्यात सोलापूरला या" म्हटलं की निम्म्या बायका येत नाहीत, हे तुमचा कुठलाही तालुका आरोग्य अधिकारी सांगेल. म्हणून किती नळ्या भरल्या हा आकडा आम्हाला नको. किती पॉझिटिव्ह बायकांचे उपचार पूर्ण झाले तो सांगा.

निकाल फक्त तिच्याच हातात द्या. हा विषाणू संबंधातून येतो, पण संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. कॅन्सर व्हायला पुढची दहा-वीस वर्षं लागतात, आणि तेवढा वेळ आपल्या हातात असतो. हे तिला नीट, बसवून सांगावं लागेल. नवऱ्यालाही. आमच्याकडे कुठलीही यादी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडायला वेळ लागत नाही.

या पत्राचं उत्तर मला पाठवू नका. उपकेंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचा वार रंगवलेला असतो, त्याच्या खाली एक ओळ रंगवून घ्या: एचपीव्ही तपासणी, वार अमुक, पैसे लागत नाहीत. भूम तालुक्यातल्या आमच्या गावची भिंत अजून कोरी आहे.

आपली,
धाराशिव जिल्ह्यातली एक लेक